धीर येतो कुठून?

गिरगावची गच्ची, लालबागची खाणावळ आणि परळच्या चाळीतल्या दोन खोल्या: जोखीम, उभारी आणि ध्येय यांचं गणित

१८ जानेवारी १९८२. मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हा संप दीड वर्षाहून जास्त चालला आणि तो संपल्याचं कोणीच कधी अधिकृतपणे जाहीर केलं नाही. लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळी या भागांतल्या हजारो घरांचा पगार त्या दिवसापासून थांबला, तो अनेकांच्या बाबतीत कायमचाच.

गिरणगावात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना या काळातली दोन घरं हमखास आठवतात. एकाच चाळीतली, एकाच मजल्यावरची. दोन्हीकडचे कर्ते पुरुष गिरणीत, दोन्ही खोल्या दहा बाय बाराच्या, दोन्हीकडे वाण्याची उधारी. दहा वर्षांनी पाहावं तर एका घराने पोळी-भाजीचे डबे, शिवणकाम, भाजीची गाडी असं काही ना काही करत मुलांची शिक्षणं पार पाडलेली. दुसरं घर मात्र खचलेलं. कोणी गावी निघून गेलेलं, कोणी दारूपायी संपलेलं. संकट तेच, पगारही तोच. मग फरक कुठे पडला?

यावर आपलं उत्तर तयार असतं: ‘ती बाई मुळातच खमकी होती.’ या उत्तरात कौतुक भरपूर आहे, उलगडा मात्र काहीच नाही. धीर हा जन्मजात गुण असेल, तर ज्याच्याकडे तो नाही त्याने काय करावं? सुदैवाने मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र यांनी गेल्या साठेक वर्षांत या प्रश्नाचा चांगला माग काढला आहे. आणि त्या शास्त्रांना जे सापडलं, त्याचे जिवंत दाखले याच मुंबईत, गिरगाव ते परळ या काही किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत. त्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. धीराचा मोठा भाग स्वभावातून नाही, मांडणीतून येतो. जोखीम किती घेतली, कोणासोबत घेतली आणि कशासाठी घेतली, यावर तो ठरतो.

ऐंशी रुपयांची जोखीम

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. घरकाम उरकल्यावर मिळणाऱ्या वेळात, येत असलेल्या एकमेव कलेवर चार पैसे मिळवावेत, एवढाच विचार. भांडवल ८० रुपये, तेही समाजसेवक छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला विकायला दिली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. तुटलेले पापड शेजारीपाजारी वाटून टाकले. त्या सातजणींपैकी एक, जसवंतीबेन पोपट, यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची संस्था म्हणजे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’. आज सुमारे ४५ हजार स्त्रिया तिच्या सभासद आहेत.

ही कथा आपण सहसा यशाची कथा म्हणून सांगतो. पण ती क्षणभर उलटी वाचून पाहू. समजा, ती चार पाकिटं विकलीच गेली नसती, तर काय झालं असतं? ऐंशी रुपये सातजणींत वाटले, तर प्रत्येकीच्या वाट्याला साडेअकरा रुपयांच्या आसपास येतात. १९५९ मध्ये ही रक्कम लहान नव्हती, पण तेवढ्याने कोणाचा संसार उघड्यावर आला नसता. चार दिवस हळहळ झाली असती आणि पुन्हा काही करून पाहायला सातही जणी शाबूत राहिल्या असत्या.

जोखीम आणि जुगार यांत नेमका इथे फरक पडतो. जुगारात माणूस ‘जिंकलो तर काय मिळेल’ याचा हिशेब करतो. शहाण्या जोखमीत पहिला प्रश्न ‘हरलो तर पुढच्या खेपेला उभा राहू शकेन का’ हा असतो. याचं उत्तर ‘हो’ असेल, तर दहादा हरण्याची मुभा मिळते, आणि दहादा करून पाहणाऱ्याला एकदा जमण्याची शक्यता बरीच असते. लिज्जतचा १९६१ मध्ये मालाडला शाखा काढण्याचा प्रयत्न फसला. संस्था बुडाली नाही, कारण सगळं काही त्या एका शाखेवर लावलेलं नव्हतं.

तोटा जास्त का बोचतो?

हिशेब एवढा सरळ असेल, तर आपण साध्या जोखमीलाही का बिचकतो? डॅनियल कानेमन आणि अमोस त्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये याचं उत्तर मांडलं. माणसाच्या मनात तोटा आणि नफा यांचं वजन सारखं नसतं. शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर रुपये गेल्याचं दुःख यांत दुःख जवळपास दुप्पट भरतं. म्हणून नाणेफेकीत हरल्यावर शंभर जाणार असतील, तर बहुतेकांना जिंकल्यावर दोनशेच्या आसपास मिळाल्याशिवाय तो खेळ परवडणारा वाटत नाही.

यात भित्रेपणा नाही. ज्याच्या घरात उद्याचंच पीठ आहे, त्याच्यासाठी शंभर रुपये जाणं म्हणजे एका दिवसाची चूल न पेटणं. त्याने घाबरणं हे शहाणपणच आहे. त्यामुळे ‘घाबरू नकोस, उडी मार’ हा सल्ला फुकाचा ठरतो. भीती उपदेशाने कमी होत नाही. संभाव्य तोटा लहान केला की ती कमी होते. तोटा लहान करण्याचे मार्ग दोन. एक, गच्चीवर झालं तसं डाव लहान ठेवणं. दुसरा, तोटा वाटून घेणं. दुसऱ्या मार्गासाठी गिरगावातून लालबागला जावं लागेल.

खाणावळवाली आणि तिच्या जामीनदारणी

गिरण्यांचे बहुसंख्य कामगार कोकणातून आणि घाटावरून आलेले. बायकामुलं गावी, स्वतः गावकीच्या खोलीत पंधरा-वीस जणांबरोबर. खोलीत झोपायला जागा पाळीपाळीने मिळायची, तिथे चूल कुठली? या माणसांना जेवू घालायचं काम चाळीतल्या बायका करत. पहिली पाळी सकाळी सातची, म्हणून खाणावळवालीचा स्टोव्ह पहाटे चारला पेटे. रांधणं, भाकऱ्या थापणं, डबे भरणं. दुपारी पाळी सुटली की पुन्हा तेच. मध्यरात्रीच्या पाळीसाठी पुन्हा एकदा. दहा-पंधरा जेवणारे, मोरीला लागून ओटा आणि खुंटीला लटकवलेली हिशेबाची वही.

या धंद्याची अडचण त्या वहीतच होती. कामगार महिन्याचा पगार झाला की पैसे देणार, तोवर महिनाभर धान्य, तेल, रॉकेल आणायचं कशातून? वाण्याची उधारी, नाहीतर सावकार. कारण बँकेत जायचं तर तारण हवं, आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईकडे तारण ठेवायला होतं काय?

आकड्यांत पाहू. समजा, एका खाणावळवालीला १,५०० रुपये हवे आहेत. सावकार रुपयाला महिना दहा पैसे व्याज लावतो. म्हणजे महिन्याला १५० आणि वर्षाला १,८०० रुपये. मुद्दल तसंच आणि व्याजच त्याहून जास्त. हेच १,५०० रुपये वर्षाला ४ टक्क्यांनी मिळाले, तर व्याज होतं ६० रुपये. दोन्हींत फरक १,७४० रुपयांचा. पहाटे चारला उठणाऱ्या त्या बाईची वर्षभराची मेहनत कोणाच्या खिशात जात होती, ते या एका वजाबाकीत दिसतं.

१९७३-७४ च्या ४२ दिवसांच्या संपात या बायकांनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातलं. त्यासाठी अनेकींनी भांडी आणि अंगावरचे डाग गहाण टाकले. कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव हे सगळं जवळून पाहत होत्या. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या या कार्यकर्तीने १९७५ मध्ये खाणावळवाल्यांचं ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालं होतं. दुर्बल घटकांना ४ टक्क्यांनी कर्ज देणारी विभेदी व्याजदर योजनाही १९७२ पासून होती. कागदावर वाट होती, चालत कोणी जात नव्हतं. मंडळाने पहिल्या १४ जणींना त्या वाटेने बँकेपर्यंत नेलं.

बँकेला मुख्य अडचण विश्वासाची होती. ही बाई कोण, कर्ज फेडेल की नाही, हे शाखेच्या व्यवस्थापकाला कळणार कसं? त्याला ते कळत नव्हतं, पण शेजारणीला पक्कं ठाऊक होतं. कोण कष्टाळू, कोणाचा नवरा पैसे उडवतो, कोणाकडे जेवणारे टिकतात, हे चाळीच्या गॅलरीत कोणापासून लपत नाही. म्हणून आठ-दहा जणींचा गट करायचा आणि त्यांनी एकमेकींना जामीन राहायचं. सोनं नाही, घर नाही, तारण काय तर शेजारणीचा शब्द.

या जामीनकीत तीन गोष्टी एकदम साधतात. गट जमतानाच माणसांची पारख होते, कारण जिच्यावर भरवसा नाही तिला कोणी आपल्या गटात घेत नाही. हप्ता भरायची टाळाटाळ होत नाही, कारण बँकेपेक्षा शेजारणीला तोंड दाखवणं जड. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची. एखादीचं मूल आजारी पडलं नि महिना फसला, तर बाकीच्या तिचा हप्ता भरून वेळ निभावून नेतात. दहीहंडीत वरच्या थरावरचं पोर बेधडक चढतं, ते खाली हात वर करून उभ्या असलेल्या शेकडो माणसांच्या भरवशावर. ते पडणारच नाही असं कोणी म्हणत नाही. पडलं तर झेललं जाईल, एवढं पोराला माहीत असतं. खाणावळवालीला गटाने दिलेला धीर याच जातीचा होता.

प्रेमा पुरव यांना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कन्या मेधा पुरव-सामंत यांनी पुण्यात हेच काम १९९३ पासून पुढे नेलं.

सगळेच एकदम पडतात तेव्हा

मात्र ही मांडणी एका गृहीतकावर उभी आहे. दहा जणींपैकी या महिन्यात एखादीच अडचणीत असेल आणि उरलेल्या नऊ तिला उचलून धरतील, हे ते गृहीतक. १९८२ मध्ये नेमकं तेच कोसळलं. दहाही जणींचे जेवणारे गिरणी कामगारच होते. पगार थांबला तो सगळ्यांचा एकाच दिवशी, आणि आळीपाळीने मदत करायला कोणी उरलंच नाही.

जोखीम वाटून घ्यायची, तर वाटेकरी वेगवेगळ्या कारणांनी अडचणीत येणारे हवेत. सगळ्यांचं दैव एकाच भोंग्याला बांधलेलं असेल, तर गट कितीही जिवाभावाचा असला तरी पुरा पडत नाही. त्यावर उपाय मिळकतीची तोंडं वाढवण्याचा. अन्नपूर्णा मंडळाने पुढे खानपानसेवा, बाहेरच्या ऑर्डरी, स्त्रियांसाठी प्रशिक्षण अशी कामं वाढवली, नवी मुंबईत वाशीला बहुउद्देशीय केंद्र काढलं. गिरणगावात ज्या घरांनी तग धरला, त्यांतल्या अनेकांत गिरणीच्या पगाराखेरीज दुसरं काहीतरी आधीपासून सुरू होतं. कोणाची बायको डबे करायची, कोणाच्या गावाकडे थोडी शेती होती, कोणाचा भाऊ बेस्टमध्ये किंवा महापालिकेत होता. सुरुवातीच्या दोन घरांतल्या फरकाचा एक मोठा भाग इथेच सापडतो. लोकांना जो खमकेपणा दिसला, त्याच्या पाठीशी बऱ्याचदा हे दुसरं उत्पन्न उभं होतं.

खचणं उपजत, सावरणं शिकावं लागतं

तरीही काही माणसं आधार असूनही बसून राहतात आणि काही त्याच आधाराच्या बळावर उठतात. इथे मनाचा भाग येतो.

१९६७ मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. आज तो करू दिला जाणार नाही, इतका क्रूर. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले, पण डोक्याने एक फळी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटाला तितकेच झटके मिळाले, पण त्यांनी काहीही केलं तरी फरक पडत नसे. नंतर दोन्ही गटांना अशा पेटीत ठेवलं, जिथे एक बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटातल्या कुत्र्यांनी उडी मारली. दुसऱ्या गटातले बरेचसे जागेवरच पडून राहिले. सुटकेची वाट समोर असूनही त्यांनी प्रयत्न सोडला होता. याला ‘शिकलेली असहायता’ असं नाव पडलं, आणि ‘आपल्या हातात काही नाही’ हे जीव अनुभवातून शिकतो, असा त्याचा अर्थ लावला गेला.

पुढे मायर मेंदूच्या अभ्यासाकडे वळले. जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, या दोघांनी स्वतःचाच सिद्धान्त उलटा केला. दीर्घ संकटात हातपाय गाळणं शिकावं लागत नाही, ती मेंदूच्या मुळाशी असलेल्या जुन्या भागाची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे. शिकावा लागतो तो ताबा. आपण केलेल्या कृतीने परिस्थिती बदलते, हे कपाळामागच्या मेंदूच्या भागाला एकदा जाणवलं, की तो त्या जुन्या भागाला आवरतो. शिवाय ही शिकवण टिकते. पुढच्या संकटातही उपयोगी पडते.

याचा अर्थ फार दिलासा देणारा आहे. संकटात खचणारा माणूस दुबळा नसतो. त्याच्या मेंदूने जे उपजत करायचं तेच केलेलं असतं. आणि त्याला सावरायचं असेल, तर त्याच्या हातून घडेल आणि डोळ्यांना दिसेल असं एखादं लहानसं काम लागतं.

गिरगावच्या गच्चीवरचं पहिलं वर्ष या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. जून लागला आणि पाऊस सुरू झाला. पापड वाळेनात. ऊनच नाही तर करणार काय? चार महिने काम बंद ठेवावं लागलं. अशा वेळी ‘हा धंदा आपल्या नशिबी नाही’ असं म्हणून सगळ्या घरी बसल्या असत्या, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी आणली. पापड खाटेवर पसरायचे आणि खाली शेगडी पेटवायची. बाहेर धो धो पाऊस, आत पापड वाळताहेत. उपाय म्हटलं तर किती साधा! पण पाऊस आपल्या हातात नसला तरी पापड वाळवणं आपल्या हातात आहे, हे त्या खाटेने त्यांना दाखवून दिलं. त्यानंतरची अडचण आली तेव्हा त्यांच्याजवळ खाट-शेगडीचा अनुभव जमेला होता.

असा ‘मला जमेल’ हा विश्वास कुठून कुठून मिळतो, याची यादी अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये केली. सगळ्यांत पक्का स्रोत म्हणजे स्वतः काही पार पाडल्याचा अनुभव. त्याखालोखाल, आपल्यासारख्याच माणसाला ते जमताना पाहणं. मग विश्वासातल्या माणसाचं प्रोत्साहन, आणि शेवटी शरीराची अवस्था. थकलेल्या, उपाशी, झोप नसलेल्या माणसाला सगळंच अशक्य वाटतं. यातला दुसरा स्रोत चाळीत फुकट मिळत असे. पलीकडच्या खोलीतली, आपल्याइतकीच शिकलेली बाई बँकेत जाऊन सही करून आली, ही बातमी दहा भाषणांहून जास्त काम करते. मोठ्या उद्योगपतीचं चरित्र वाचून जो धीर येत नाही, तो शेजारणीला पाहून येतो.

माणसांच्या आधाराबद्दल आणखी एक अभ्यास सांगण्याजोगा आहे. हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं माग ठेवला. दारिद्र्य, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशी अनेक ओझी एकत्र घेऊन वाढणाऱ्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलं कर्तबगार, मायाळू, आत्मविश्वासू माणसं झाली. त्यांच्यात वारंवार आढळलेली एक गोष्ट म्हणजे त्यांना जीव लावणारं, कायम पाठीशी राहणारं किमान एक मोठं माणूस. आई-वडील नसतील तर आजी, मावशी, शेजारचे काका, शाळेतल्या बाई. एक माणूस पुरतं, पण ते एक लागतंच.

ध्येय नेमकं काय करतं?

आता तिसरा प्रश्न, कशासाठी? त्यासाठी परळला जाऊ. तिथल्या बीआयटी चाळ क्रमांक १ मध्ये दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं बिऱ्हाड दोन दशकांहून अधिक काळ इथे होतं.

१९१७ मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. त्यांचं पुस्तकांसह सामान दुसऱ्या बोटीने येत होतं. महायुद्ध चालू होतं, ती बोट टॉर्पेडोने बुडाली. बडोद्याला नोकरीवर गेले तर जातीपायी राहायला जागा मिळेना, अपमान होऊन परत यावं लागलं. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. पगार चांगला, प्रतिष्ठा चांगली. संसाराची घडी बसवायला एवढं पुरेसं होतं.

दोन वर्षांनी, १९२० मध्ये, ही नोकरी सोडून ते पुन्हा लंडनला गेले. यातही जोखमीची मांडणी पाहण्यासारखी आहे. दोन वर्षं पगारातून पैसे साठवलेले होते, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिलं. आणि परळला रमाबाई टोकाच्या काटकसरीत घर चालवत होत्या. त्यांच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. बाबासाहेबांच्या पदव्या मोजताना या खोल्यांतल्या या दुःखाची आणि रमाबाईंच्या सोसण्याची नोंद आधी घ्यायला हवी.

‘रुपयाचा प्रश्न’ या विषयावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी बदल करण्यासाठी परत पाठवला. तोवर पैसे संपले होते. १९२३ मध्ये ते मुंबईला आले, प्रबंध दुरुस्त करून पुन्हा पाठवला आणि त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी. मिळाली. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिचं कार्यालय परळच्याच दामोदर हॉलमध्ये होतं.

ध्येयाची तीन कामं इथे उघड दिसतात. ते निवड सोपी करतं. चांगली नोकरी सोडायची का, या प्रश्नाला एरवी शंभर बाजू आहेत. पण कशासाठी शिकायचं हे ठरलेलं असेल, तर बऱ्याच बाजू गळून पडतात. ते अपयशाचा अर्थ बदलतं. परत आलेला प्रबंध हा शेवट ठरत नाही, दुरुस्तीचं काम ठरतं. आणि ते माणसं जोडतं. केवळ स्वतःच्या पगारासाठी धडपडणाऱ्याला मित्र शुभेच्छा देतात. अनेकांसाठी धडपडणाऱ्याला ते उसने पैसेही देतात.

नाझी छळछावण्यांतून वाचलेले व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी १९४६ मध्ये हाच विचार मांडला. आनंदाचा पाठलाग करून तो हाती लागत नाही, अर्थपूर्ण कामाच्या मागे तो चालत येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. अलीकडे पॅट्रिक हिल आणि निकोलस टुरिआनो यांनी सहा हजारांहून अधिक अमेरिकन प्रौढांची १४ वर्षांची माहिती तपासली. आपल्या जगण्याला दिशा आहे असं मानणाऱ्यांमध्ये त्या काळातलं मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळलं, आणि ही गोष्ट तरुणांना जशी लागू होती तशीच वृद्धांनाही. ध्येयामुळेच आयुष्य वाढतं, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण दिशा असलेला माणूस स्वतःला जपतो, सकाळी उठायला त्याच्याकडे कारण असतं, हे सहज पटण्यासारखं आहे.

ध्येय मोठंच असावं लागतं, असंही नाही. पहाटे चारला स्टोव्ह पेटवणाऱ्या बाईसमोर कुठला सिद्धान्त नव्हता. पंधरा माणसं उपाशी कामाला जाऊ नयेत आणि आपली पोरं शिकावीत, एवढंच होतं. आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं, ही जाणीव तिला उठवायला पुरेशी होती.

चौकट: थोडक्यात

• *जोखीम:* ‘हरलो तर पुन्हा उभा राहू शकेन का?’ याचं उत्तर ‘हो’ असेल एवढाच मोठा डाव ठेवावा.

• *भीती:* तोट्याचं दुःख नफ्याच्या आनंदाच्या जवळपास दुप्पट बोचतं. तोटा लहान केला किंवा वाटून घेतला की भीती आटोक्यात येते.

• *वाटेकरी:* तोटा वाटून घेणारी माणसं जवळची हवीत, पण सगळ्यांची मिळकत एकाच ठिकाणावर अवलंबून नको.

• *उभारी:* खचणं उपजत आहे, ताबा शिकावा लागतो. परिणाम डोळ्यांना दिसेल अशा लहान कामापासून सुरुवात करावी.

• *आधार:* पाठीशी कायम उभं राहणारं एक तरी माणूस लागतं.

• *ध्येय:* ते निवड सोपी करतं, अपयशाचा अर्थ बदलतं आणि माणसं जोडतं.

धीर एकट्याचा नसतो

हे सगळं समजून घेताना एक धोका टाळायला हवा. सोसणाऱ्या माणसांचं कौतुक करता करता त्यांना सोसायला लावणारी परिस्थिती आपण विसरतो. गिरणगावच्या घरांनी धीर धरला म्हणून कामगारांची बुडालेली देणी क्षम्य ठरत नाहीत, आणि गिरण्यांच्या जमिनींवर टोलेजंग इमारती उभ्या राहत असताना घरासाठी वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या कामगाराला ‘खंबीर राहा’ म्हणणं हा अन्याय आहे. मेंदूला ताबा शिकायचा, तर हातात खरोखरचा थोडा तरी ताबा असावा लागतो. रास्त व्याजाचं कर्ज, वेळेवर पगार, आजारपणात परवडणारा दवाखाना या गोष्टी धीराचाच पाया आहेत. खाणावळवाल्या १९७५ नंतर एकदम जास्त शूर झाल्या नाहीत. त्यांच्या शौर्याला पहिल्यांदा ४ टक्क्यांचा दर मिळाला.

म्हणून भरभरून जगायचं असेल, तर स्वतःच्या मनाला तेवढं दटावून भागत नाही. नवं काही सुरू करायचं आहे? ते किती लहान करून पाहता येईल, ते शोधा. संकटातून जाताय? आज संध्याकाळपर्यंत तुमच्या हातून पुरं होईल असं एक काम निवडा आणि ते पुरं करा. दिशा सापडत नाही? आपल्यावाचून कोणाचं अडतं, ते पाहा. दिशा बहुतेक तिकडेच असते.

आणि ज्यांचं सध्या बरं चाललं आहे, त्यांच्यासाठी लालबागच्या बायकांनी एक काम ठेवलं आहे. तुमच्या नात्यात, इमारतीत, कार्यालयात कोणीतरी आत्ता काहीतरी करू पाहत असेल आणि बिचकत असेल. त्याला हिमतीच्या गोष्टी सांगण्यापेक्षा त्याला जामीन राहा. एका हप्त्यापुरते, एका फीपुरते, एका ओळखीपुरते का होईना. त्याची हिंमत त्याच्याकडे आहे. कमी आहे तो तुमचा शब्द.